सांगोल्याचा निकाल वाचताना: अकरा विजय, १९२ मते आणि ७६८ मते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर जिल्ह्यातला सांगोला विधानसभा मतदारसंघ पन्नास वर्षे गणपतराव (आबासाहेब) देशमुखांचा बालेकिल्ला होता, मग २०१९ ला तो एकदम कसा गेला, २०२४ ला परत कसा आला आणि जुने निकाल अभ्यासताना सुरुवात कुठून करायची? निवडणुकीचे बूथनिहाय आकडे काढून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो. सगळ्याच पक्षांची माणसे येतात, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचे कारण नाही. पहिलेच सांगतो, ‘बालेकिल्ला’ हा शब्द काढून टाका. आमदार तोच राहिला म्हणून लढत एकतर्फी होती असे होत नाही. सांगोल्यात देशमुखांच्या विरोधातला मतदार कायम भरपूर होता. तो एका जागी आला की निकाल फिरायचा, फुटला की आबासाहेब निवडून यायचे. नातवांच्या काळातही हेच चालू आहे, फक्त २०२४ मध्ये त्यात एक नवी गोष्ट घडली. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी यादी नीट लावू. गणपतराव शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) १९६२ आणि १९६७ ला निवडून आले. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९० असे सलग चार विजय. १९९५ ला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले. मग १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकूण अकरा. काही याद्यांत दहाच सापडतात, कारण त्या फक्त सार्वत्रिक निवडणुकांच्या निकालांवरून केलेल्या असतात आणि १९७४ ची पोटनिवडणूक त्यांत नसते. त्या यादीवर विसंबलात तर १९७२ ते १९७८ सहा वर्षे सांगोला काँग्रेसकडे होता असे दिसेल. प्रत्यक्षात तो काळ दोन वर्षांच्या आसपासचा. कुठल्याही मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतलात की पोटनिवडणुका आधी शोधा.

अकरा विजयांबद्दल एक दावा सर्रास केला जातो की हा देशातला विक्रम आहे. तो तुमच्या लेखात घालू नका. केरळमध्ये के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले, ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० पासून २०२१ पर्यंत बारा वेळा. मणींचा केरळ काँग्रेस पक्ष वारंवार फुटत राहिला, म्हणून ‘एकच पक्ष, एकच मतदारसंघ’ अशी अट घातली तर वाद घालता येईल. पण सरसकट विक्रम म्हणता येत नाही. महाराष्ट्रापुरते म्हणा, ते पुरेसे मोठे आहे. सगळी मुदत मिळून ५१ वर्षे भरते.

आता मुख्य मुद्दा. दोन पराभवांची वर्षे शेजारी ठेवून राज्यात तेव्हा काय चालले होते ते बघा. १९७२ ला राज्यात काँग्रेसची जबरदस्त लाट होती, २७० पैकी २२२ जागा. त्या लाटेत शेकापचे सातच आमदार आले आणि सांगोलाही गेला. हे समजण्यासारखे आहे. पण १९९५ ला वारे नेमके उलटे होते. काँग्रेस ८० जागांवर घसरली, शिवसेना-भाजपचे पहिले सरकार आले, आणि त्याच निवडणुकीत सांगोल्यात काँग्रेसचा उमेदवार निवडून आला! उलट १९८० ला काँग्रेसने राज्यात १८६ जागा घेतल्या तेव्हा गणपतराव जागचे हलले नाहीत. म्हणजे राज्याच्या वाऱ्यावर सांगोल्याचा निकाल ठरत नाही. तो तालुक्यातल्या गटांच्या जुळवाजुळवीवर ठरतो.

१९९५ चे अंतर होते १९२ मतांचे. ९७ माणसांनी शिक्का दुसरीकडे मारला असता तरी आमदार बदलला असता. या निकालाबद्दल सांगोल्यात शंभर कथा ऐकायला मिळतात: अमुक गावाने दगा दिला, तमुक वस्तीवरची मते फिरली. ऐकायला छान आहेत, पण पुरावा म्हणून वापरू नका. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या आणि मोजणीआधी निरनिराळ्या पेट्यांतली मते एकमेकांत मिसळण्याची पद्धत होती. कुठल्या गावाने कुणाला किती दिले हे कळू नये हाच तिचा हेतू. बूथनिहाय आकडे हाताशी येतात ते मतदान यंत्रे सगळीकडे आल्यावर, म्हणजे आपल्याकडे २००४ पासून. त्याआधीचे ‘या गावाने पाडले’ हे सगळे पारावरचे.

आता गणपतराव जिंकत का राहिले? पश्चिम महाराष्ट्राचे राजकारण वाचलेला माणूस आधी कारखाना शोधतो. ऊस, कारखाना, कारखान्याची सभासद यादी, त्यातून बँक, दूधसंघ, आणि मग आमदारकी. सांगोल्यात ही साखळी कधी नीट उभीच राहिली नाही. पाऊस तुटपुंजा, माण नदी बहुतेक वर्षभर कोरडी. वाकी-शिवण्याचा सहकारी साखर कारखाना काढला खरा, पण तो वर्षानुवर्षे बंद राहिला. इथला शेतकरी जनावरे, ज्वारी-बाजरी आणि पुढे डाळिंब यांवर जगला. खिलार जनावरांसाठी सांगोल्याचा रविवारचा बाजार नावाजलेला आहे. डाळिंबाचे म्हणाल तर डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. पुढे तेल्या रोग आणि खोडकिडीने बागाच्या बागा काढाव्या लागल्या, तो वेगळा विषय.

अशा तालुक्यात गणपतरावांनी सूतगिरणी उभी केली, आणि तीही कापूस फारसा पिकत नाही अशा भागात. ती चालली, त्यांच्या हयातीत नीट चालली, आणि पुढे महिलांची वेगळी सूतगिरणीही निघाली. कारखान्याच्या राजकारणात सभासद शेतकरी नेत्याच्या हातात असतो, कारण त्याचा ऊस वेळेत तोडायचा की नाही हे नेता ठरवतो. सूतगिरणीत ही मेख नाही. तिथे रोजगार मिळतो, पण गावच्या शेतकऱ्याच्या पिकाची नाडी तुमच्या हातात येत नाही. म्हणून मला वाटते की गणपतरावांचे मत ‘बांधलेले’ मत नव्हते. ते प्रत्येक निवडणुकीला नव्याने मिळवावे लागायचे. अंतर कधी कधी इतके कमी का व्हायचे त्याचेही हेच कारण.

दुसरी बाजू पाण्याची. १९७२ च्या दुष्काळाने हा सगळा पट्टा हलवला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर पसरली. सांगोल्यासारख्या तालुक्यात कामाची मागणी, मजुरीची थकबाकी, खडी फोडणाऱ्या बायांच्या तक्रारी हेच रोजचे राजकारण होते, आणि पेशाने वकील असलेल्या शेकापच्या आमदाराला ते राजकारण जमत होते. मूळ गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर, पण सांगोल्यात त्यांना कुणी बाहेरचे म्हटले नाही. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर गणपतराव होते. कृष्णेचे पाणी उचलून तेरा दुष्काळी तालुक्यांना द्या, ही ती मागणी. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी सांगोल्याच्या शिवारात पोचायला पुढे किती वर्षे लागली हे त्या भागातल्या कुणालाही विचारा. पण ‘पाणी मागणारा माणूस’ ही ओळख कायम राहिली. एसटीने मुंबईला जाणारा आमदार ही आणखी एक ओळख, तिच्याबद्दल इतके लिहून आले आहे की मी भर घालत नाही.

सत्तेशी त्यांचे नाते फार लांबचे नव्हते, हे मात्र नोंदवा. विरोधी पक्षनेतेपद सांभाळले, १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले, १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. २००२ मध्ये रायगडात राष्ट्रवादीशी झालेल्या भांडणातून शेकापने सरकारचा पाठिंबा काढला आणि ते मंत्रिपद संपले. कायम विरोधातला फकीर असे त्यांचे चित्र रंगवतात, ते अर्धेच खरे आहे.

जातीबद्दल विचारले नाहीत, तरी तुम्ही लिहिणारच, म्हणून सांगतो. गणपतराव धनगर समाजाचे, तालुक्यात धनगर समाज मोठा आणि समोरचे दोन्ही गट मराठा पाटलांचे. यावरून ‘धनगर मतांवर निवडून येत’ असा सोपा निष्कर्ष निघतो. पण १९७२ ला आणि १९९५ ला तालुक्याची सामाजिक घडण काय वेगळी होती? तीच होती, तरी पराभव झाले. जातीने त्यांना पाया दिला हे खरे, पण निकाल त्यावरच्या मजल्यावर ठरायचा: वाड्यावस्त्यांवर, मराठा कार्यकर्ते शेकापबरोबर टिकतात का यावर, आणि साळुंखे-पाटलांचा जवळा गावचा गट कुठे बसतो यावर.

तालुक्यात तीन गट आहेत हे डोक्यात पक्के करा. देशमुखांचा शेकाप, चिकमहूदच्या शहाजीबापूंचा गट आणि जवळ्याच्या दीपकआबा साळुंखे-पाटलांचा गट. पक्षांची नावे बदलत राहिली. शहाजीबापू काँग्रेसचे होते, २०१४ ला शिवसेनेकडून लढले. दीपकआबा राष्ट्रवादीचे, विधान परिषदेवरही गेले, आणि बराच काळ शेकापच्या बाजूने राहिले. गटांची गावे मात्र फारशी बदलली नाहीत. म्हणून पक्षाच्या चिन्हाऐवजी गटाचे खाते उघडा आणि त्यात जमा-नावे लिहीत जा.

२००९ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे थेट शेजारी मांडू नका. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत सांगोला तालुक्याला पंढरपूर तालुक्यातला भाळवणी मंडळाचा भाग जोडला गेला. पंढरपूर तालुका तर पंढरपूर-मंगळवेढा, माढा, मोहोळ आणि सांगोला अशा चार मतदारसंघांत वाटला गेला. त्याच वेळी पंढरपूर लोकसभा मतदारसंघ जाऊन माढा आला, आणि २००९ ला तिथून शरद पवार खासदार झाले. भाळवणीकडच्या मतदाराला गणपतरावांच्या चाळीस वर्षांच्या ऋणानुबंधाचे ओझे नव्हते. त्याचे व्यवहार पंढरपूरशी, त्याचे कारखाने वेगळे, त्याचे पुढारी वेगळे. या गावांनी एखाद्या उमेदवाराला मते दिली तर ती सांगोल्याच्या जुन्या भांडणातून दिलेली नसतात.

२०१४ ला सगळेच पक्ष वेगळे लढले. गणपतरावांना ९४,३७४, शहाजीबापूंना ६९,१५०. अंतर २५,२२४. अकराव्यांदा निवडून येताना वयाची नव्वदी जवळ आलेली होती. राज्यात शेकापचे तेव्हा तीनच आमदार. १९६७ ला १९, १९७८ ला १३, १९९५ ला ६, २००४ ला २ असा हा पक्ष ओसरत गेला, आणि सांगोला मात्र बहुतेक वेळा त्या आकड्यात होता.

२०१९ ला त्यांनी वयामुळे थांबायचे ठरवले. कार्यकर्ते हटून बसले की आबासाहेबांनीच उभे राहावे. आधी भाऊसाहेब रुपनर यांचे नाव पुढे आले, मग बदलून नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी मिळाली. इकडे दीपकआबांनी शहाजीबापूंना हात दिला. निकाल: शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. अंतर ७६८. दोघांच्या मतांची बेरीज केली तर हजारी चार मतांचाही फरक पडत नाही. ३८५ मते इकडची तिकडे झाली असती तर आज कुणी ‘बालेकिल्ला ढासळला’ असे लिहिले नसते.

या निकालाचे दोन अर्थ लावता येतात आणि दोन्ही आकड्यांशी जुळतात. एक, आबासाहेब नसताना शेकापचे मत गळाले. दुसरा, ते गळालेच नाही, विरोधक एक झाले. मी दुसऱ्याकडे झुकतो. कारण सरळ आहे: अनिकेतना पडलेली मते गणपतरावांच्या २०१४ च्या मतांपेक्षा ४,३२२ ने जास्त आहेत. नवखा उमेदवार, उशिरा आणि घोळातून मिळालेली उमेदवारी, तरी मते वाढली. पडझड झाली असती तर आकडा असा दिसला नसता. शहाजीबापूंची मते मात्र त्याच पाच वर्षांत ३० हजारांनी वाढली. २०१४ ला निरनिराळ्या पक्षांत विखुरलेली मते आणि जवळ्याच्या गटाची ताकद यांतूनच ती आली असणार.

गणपतराव ३० जुलै २०२१ ला गेले. पुढच्या वर्षी जूनमध्ये शिवसेना फुटली आणि गुवाहाटीतून शहाजीबापूंचा ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हा फोन घरोघरी वाजला. महाराष्ट्राला सांगोला कळला तो त्या फोनने. मतांवर त्याचा परिणाम किती, हे मोजायचे साधन नाही. सत्तेत राहिल्याने उजनीच्या पाण्यावरच्या सांगोला उपसा सिंचन योजनेला गती मिळाली, आणि बापूंच्या प्रचारात तीच पुढे होती. म्हणजे पाण्याचा मुद्दा शेकापकडून त्यांनी बराचसा आपल्याकडे ओढला. मला हा फोनपेक्षा मोठा बदल वाटतो.

आता २०२४. शेकापने दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभे केले. शेकाप महाविकास आघाडीतला पक्ष, पण त्याच आघाडीतल्या ठाकरे शिवसेनेने दीपकआबांना तिकीट दिले. शहाजीबापू शिंदे शिवसेनेकडून. तिन्ही गट पहिल्यांदाच इतके उघड समोरासमोर. बाबासाहेबांना १,१६,२५६, शहाजीबापूंना ९०,८७०, दीपकआबांना जवळपास ५१ हजार. अंतर २५,३८६. राज्यात महायुतीने धुव्वा उडवला, महाविकास आघाडी पन्नाशीच्या आत अडकली आणि शेकापचा एकुलता एक आमदार सांगोल्यातून आला. पुन्हा तेच, राज्याच्या वाऱ्याच्या उलट.

इथे बहुतेक विश्लेषक एक बेरीज करून थांबतात: बापू अधिक दीपकआबा म्हणजे १ लाख ४२ हजारांच्या आसपास, देशमुख १ लाख १६ हजार, म्हणून ‘मतविभागणीने शेकाप जिंकला’. बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा. २०१९ शी ताडून बघा. दीपकआबा फुटून वेगळे लढले तर बापूंची मते ५० हजारांनी कमी व्हायला हवी होती. कमी झाली फक्त ८,५९४. म्हणजे दीपकआबांची मते सगळी बापूंच्या २०१९ च्या गठ्ठ्यातून गेलेली नाहीत, किंवा गेली असतील तर ती जागा बापूंनी नव्या मतांनी भरून काढली. आणि देशमुखांची मते? ती कमी व्हायच्या ऐवजी १७,५६० ने वाढली. तिघांची बेरीज २ लाख ५८ हजार होते, २०१९ ला पहिल्या दोघांची १ लाख ९८ हजार होती. जवळपास ६० हजार जास्तीची मते या तिघांत वाटली गेली. काही त्या वेळच्या इतर उमेदवारांकडून आली असतील, बरीचशी नव्या मतदारांची आणि वाढलेल्या मतदानाची.

म्हणून माझे मत असे: विभागणीने अंतर मोठे केले हे नक्की, पण देशमुखांचे मत स्वतःहून वाढते आहे हेही तितकेच नक्की. ९४ हजार, ९८ हजार, १ लाख १६ हजार, असा चढता क्रम आहे, आणि मधल्या काळात मूळ माणूस निघून गेला आहे. सुरुवातीला म्हटलेली नवी गोष्ट ती हीच. सहानुभूती असेल, दोन नातवांनी भांडण वाढू दिले नाही त्याचा फायदा असेल. २०१४ आणि २०२४ ची अंतरे जवळपास सारखी दिसतात, २५,२२४ आणि २५,३८६, पण तो योगायोग आहे. त्यावरून ‘जुना सांगोला परत आला’ असे लिहू नका. २०१४ चा दुसरा क्रमांक ६९ हजारांवर होता, २०२४ चा ९० हजारांवर. पुढच्या वेळी बापू आणि दीपकआबा पुन्हा एकत्र आले तर निकाल शेकड्यांत येऊ शकतो.

प्रत्यक्ष कामाला लागताना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून, नाहीतर जिल्हा निवडणूक शाखेतून २०१९ आणि २०२४ चा नमुना २० मिळवा. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची ओळ असते आणि प्रत्येक उमेदवाराचा रकाना. टपाली मते शेवटी वेगळी असतात, ती गावांच्या बेरजेत मिसळू नका. दोन्ही वर्षांचे केंद्र क्रमांक जुळत नाहीत, कारण मतदार वाढले की केंद्रे फोडली जातात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणून क्रमांकावर न जाता गावाच्या नावावर जुळवा, आणि एका गावाची सगळी केंद्रे एकत्र करा. मग चार ढीग करा: भाळवणीकडची गावे, महूद-चिकमहूद, जवळा-घेरडी-कडलास हा दक्षिणेकडचा पट्टा, आणि कोळा-नाझरे-चोपडी ही पश्चिमेची बाजू. सांगोला शहर पाचवे, त्याला वेगळेच ठेवा. दीपकआबांना २०२४ ला जवळ्याच्या ढिगाबाहेर किती मते पडली ते आधी काढा. ती मते जिथे जास्त आहेत तिथे बापूंची २०१९ ची मते किती घटली हे शेजारी लिहिलेत की विभागणीचा वाद तुमच्यापुरता तरी मिटेल.